कूळ की करणी?

आपल्या समाजास एक जुनी खोड आहे. समोर आलेल्या मनुष्याच्या अंगी गुण कोणते, तो करतो काय, ह्याची चौकशी करण्यापूर्वी त्याचे कूळ कोणते हा प्रश्न आपल्या जिभेवर येतो; आणि त्याचे उत्तर मिळाले म्हणजे पुढील चौकशीचे काही कारण उरले नाही असे आपण समजतो. ही खोड माणसांपुरती होती तोवर तिने माणसांचे हाल केले. आता ती बाजारातील निर्जीव वस्तूंनाही लागू झाली आहे, आणि तिच्यापायी नद्यांचे, शेतकऱ्यांचे व शास्त्राचे असे तिहेरी नुकसान होऊ घातले आहे. म्हणून ह्या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

‘वनस्पतिजन्य’ हा शब्द सध्या मोठ्या मानाने मिरवत आहे. पंचवटीत रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काय किंवा राज्यातील दुसऱ्या कोणत्याही तीर्थक्षेत्री काय, द्रोण, पत्रावळ, पेला वा पिशवी विकणाऱ्याच्या तोंडी तीन वाक्ये ठरलेली असतात. ‘हे झाडापासून झालेले आहे’. ‘ह्यात प्लास्टिक नाही’. ‘नदीत सोडले तरी चालेल.’ राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर केंद्र सरकारची बंदी आली, तेव्हापासून ह्या वाक्यांस अधिकच जोर चढला आहे. २०२७ हे सिंहस्थाच्या पर्वण्यांचे वर्ष. त्या काळात गोदेच्या काठी लक्षावधी लोक जेवतील, लक्षावधी पत्रावळी उचलल्या जातील किंवा उचलल्या जाणार नाहीत. अशा वेळी ह्या तीन वाक्यांची परीक्षा झालीच पाहिजे. आमचे म्हणणे असे की पहिले वाक्य बहुधा खरे असते, दुसरे अर्धे खरे असते आणि तिसरे सर्वस्वी खोटे असते.

दुसऱ्या बाजूस एक प्रतिपक्षही आहे. त्याचे म्हणणे असे की वनस्पती शुद्ध खरी, परंतु तिला कारखान्यातील रसायन लागले की ती बाटली. ह्या पक्षास प्रयोगशाळेचे नाव काढताच शिसारी येते. दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात, तरी दोघांच्या विचाराचे मूळ एकच आहे. एक जन्माने शुद्ध ठरवितो, दुसरा स्पर्शाने अशुद्ध ठरवितो. वस्तू प्रत्यक्ष वागते कशी, हे पाहण्याचे श्रम दोघांसही नकोत.

नव्या द्रव्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांपैकी वनस्पतींच्या प्रथिनांपासून केलेल्या द्रव्यांचाच विचार आम्ही येथे करणार आहो. कारण वरील दोन्ही भ्रमांचे निरसन त्यांच्या उदाहरणाने जितके स्वच्छ होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही, आणि ती ज्यापासून होतात तो माल आपल्याच शेतात पिकतो.

प्रथिन म्हणजे काय हे समजण्यास प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. गव्हाची कणीक घट्ट मळून पाण्याखाली धूत गेले म्हणजे पिठूळ भाग वाहून जातो आणि हातात एक चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो. तो गव्हाच्या प्रथिनांचा. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा सुमारे ४० भाग प्रथिन असते. तेल काढून घेतल्यावर राहणाऱ्या पेंडीत हे प्रमाण ४५ च्याही वर जाते. ही प्रथिने म्हणजे लांबच लांब साखळ्या होत. बीजात त्या गुंडाळून, घड्या घालून ठेवलेल्या असतात. त्यांपासून वस्तू करावयाची तर तीन संस्कार करावे लागतात. प्रथम क्षार, आम्ल किंवा उष्णता ह्यांच्या योगाने घड्या उलगडावयाच्या; मग त्या उलगडलेल्या साखळ्यांस तंतू, पापुद्रा, फळी असा हवा तो आकार द्यावयाचा; आणि शेवटी साखळीस साखळी अशी जोडून टाकावयाची की पुन्हा पाणी लागले तरी ती सुटू नये. हा तिसरा संस्कार सर्वांत अवघड, कारण पाणी हा प्रथिनांचा हाडवैरी. न जोडलेला पापुद्रा ओला झाला की फुगतो, लिबलिबीत होतो, आणि चार दिवसांत त्यास वास मारू लागतो.

हा तिसरा संस्कार मानवजातीस नवा नाही. कच्चे कातडे हे प्रथिनच. ते तसेच ठेवले तर कुजते. हिरडा, बाभळीची साल अशा द्रव्यांत ते मुरविले म्हणजे त्यातील साखळ्या एकमेकींस घट्ट बांधल्या जातात आणि जन्मभर टिकणारे चामडे तयार होते. कातडे ‘कमावणे’ हा आपल्या भाषेतील शब्द किती यथार्थ आहे! पाहण्यासारखी गोष्ट ही की, ज्या संस्काराने कातड्याचा ओलेपणा गेला त्याच संस्काराने त्याचे कुजणेही थांबले. पाण्याला दाद न देणे आणि मातीत चटकन मिसळून जाणे हे दोन गुण सहसा एका घरी नांदत नाहीत. एकाला बोलवावे तर दुसरा अंग चोरतो. ह्या सबंध विषयाचा गाभा एवढाच आहे, आणि विक्रेत्यांची जाहिरात नेमकी हीच गोष्ट लपविते.

रसायनाच्या स्पर्शाने वनस्पती बाटते म्हणणाऱ्यांस आम्ही प्रथम आपल्या पूर्वजांच्या चुनेकामाकडे पाहण्याची विनंती करतो. पेशवाईतील वाडे, घाट व मंदिरे ह्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळ, हिरडा ह्यांबरोबर उडदाचे पीठ वा भिजविलेले उडीद घालण्याची चाल होती. जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराची कामे करणारे आजही ती पाळतात. उडदात शेकडा सुमारे २४ भाग प्रथिन असते, शिवाय एक बुळबुळीत चिकट द्रव्य असते. चुना हा अत्यंत तीव्र क्षार. त्याच्या संगतीने उडदातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि चुन्यातील कॅल्शियमशी त्यांची गाठ पडून पाण्यात सहसा न विरघळणारा बांध तयार होतो. वनस्पतिप्रथिनांवर रासायनिक संस्कार करून नवे द्रव्य बनविणे म्हणतात ते ह्याहून वेगळे काय आहे? गवंड्यास त्याचे सूत्र लिहिता येत नव्हते, पण करणी येत होती.

आता ह्याच करणीचे दुसरे रूप पाहा. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल येथे लॉक्स नावाच्या कंपनीने सोयाबीनच्या पेंडीचे पीठ घेऊन त्यात चुना, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट मिसळले व त्याचा सरस बनवून प्लायवूडच्या फळ्या चिकटविण्यास तो बाजारात आणला. उडीद आणि चुना एकीकडे, सोयाबीन आणि चुना दुसरीकडे, तत्त्व तेच. फरक एवढाच की तेथे कोणी तरी ह्या करणीचे कारण विचारले, मापे लिहून ठेवली, स्वामित्वहक्क मिळविला आणि कारखाना काढला. येथे आपण गवंड्याच्या पोटात ती विद्या ठेवली व त्याच्याबरोबर ती बरीचशी जाळून टाकली. तेव्हा परंपरेच्या नावाने रसायनास नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ज्या परंपरेचा ते अभिमान बाळगतात तिच्या भिंती रसायनानेच उभ्या आहेत.

प्रतिपक्षाची भीती मात्र सर्वस्वी खोटी नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. प्रथिनांच्या साखळ्या जोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे द्रव्य सर्रास वापरले जाई ते फॉर्माल्डिहाइड; आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. परंतु ह्यावरून निष्पन्न काय होते? अमुक एक जोडद्रव्य वाईट, एवढेच. ते टाकून दुसरे शोधावे हा त्यावरचा उपाय, आणि तो शास्त्रानेच केला आहे. अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठातील कैचांग ली ह्या संशोधकाने समुद्रातील शिंपले खडकास पाण्याखालीही कसे चिकटून राहतात हे पाहिले, त्या प्रथिनांच्या रचनेवरून बोध घेतला, आणि सोयाबीनच्या पिठापासून फॉर्माल्डिहाइड न घालता प्लायवूडचा सरस तयार केला. एका मोठ्या कंपनीने त्यानुसार आपले कारखाने बदलले, आणि २००७ साली ह्या कामास तेथील सरकारचे हरित रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले. वाईट रसायनावर तोड निघाली ती अधिक चांगल्या रसायनाने. रसायनास विटाळ मानून निघाली नाही.

आता विक्रेत्याच्या तीन वाक्यांकडे वळू. ‘हे झाडापासून झालेले आहे’ हे पहिले वाक्य खरे धरले तरी ते किती अपुरे असते ह्याचे इतिहासात मासले आहेत. १३ ऑगस्ट १९४१ रोजी हेन्री फोर्ड ह्यांनी मिशिगन प्रांतात एक मोटार लोकांपुढे आणली. तिच्या अंगावरचे पत्रे लोखंडाचे नव्हते, आणि ‘सोयाबीनची मोटार’ म्हणून तिचा जगभर गाजावाजा झाला. पुढे तिच्यावर काम केलेल्यांपैकी एकाने सांगितले की सोयाबीनचे तंतू फिनॉल व फॉर्माल्डिहाइडच्या राळेत बसविलेले होते. म्हणजे घट्टपणा राळेचा आणि नाव सोयाबीनचे! आज ‘सोया-रेशीम’ म्हणून जो मऊ धागा विकला जातो त्यातही अर्ध्याहून अधिक भाग पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ह्या कृत्रिम द्रव्याचा असतो. आणि वर ज्या निर्धोक सरसाची आम्ही स्तुती केली त्यातही एक कृत्रिम राळ मिसळावी लागते. ह्यात पाप काही नाही. पाप आहे ते नाव सांगण्याच्या रीतीत. दुधात पाणी घालून पाण्याला दूध म्हणणाऱ्या गवळ्यास आपण जो शब्द वापरतो तोच येथे वापरावा लागेल. म्हणूनच ‘ह्यात प्लास्टिक नाही’ हे दुसरे वाक्य आम्ही अर्धे खरे म्हटले. साध्या पानांच्या पत्रावळीचेच पाहा. पळसाची पाने काड्यांनी टाचलेली जुनी पत्रावळ वेगळी, आणि यंत्रात दाबून जिच्या पाठीला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटविला आहे ती वेगळी. दोघींनाही विक्रेता ‘पानाची’ म्हणूनच विकतो.

शुद्ध प्रथिनाची वस्तू व्यवहारात कितपत टिकते ह्याचा अनुभव इंग्रजांनी घेतला आहे. भुईमुगाच्या प्रथिनापासून ‘आर्डिल’ नावाचा लोकरीसारखा धागा तेथील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज ह्या कंपनीने काढला. शेंगदाण्यातील प्रथिन क्षारात विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लात सोडून, मग फॉर्माल्डिहाइडने कमावून हा धागा होई. ह्या कल्पनेचे एक जनक, लीड्सचे प्राध्यापक ॲस्टबरी, आर्डिलचा ओव्हरकोट घालून हिंडत. १९५१ साली स्कॉटलंडात डम्फ्रीज येथे त्याचा मोठा कारखाना निघाला. १९५७ साली तो बंद पडला. धागा ओला झाला की त्याची ताकद कमी होई, आणि नायलॉन-पॉलिएस्टरशी त्याचा टिकाव लागला नाही. अमेरिकेत मक्याच्या प्रथिनापासून केलेला ‘व्हिकारा’ हा धागा १९४८ साली बाजारात आला आणि त्याच सुमारास, १९५७ साली, त्याचेही उत्पादन थांबले. ज्यांना वाटते की झाडाचे नाव घेतले की निसर्ग आपोआप साहाय्यास येतो, त्यांनी ह्या दोन कारखान्यांचे मृत्युलेख वाचावे.

राहिले तिसरे वाक्य: ‘नदीत सोडले तरी चालेल.’ ह्याइतके घातक वाक्य गोदेच्या काठी दुसरे उच्चारले जात नसेल. खतात मिसळून जाणाऱ्या पिशव्यांसाठी भारतात १७०८८ क्रमांकाचे जे मानक आहे त्यातील कसोटी खतनिर्मितीच्या भट्टीतील आहे. तेथे सुमारे ५८ अंश उष्णता, पुरेसा ओलावा, खेळती हवा आणि सूक्ष्म जीवांची दाट वस्ती अशी सर्व व्यवस्था असते, आणि तरीही पूर्ण विघटनास १८० दिवसांपर्यंत मुदत दिलेली असते. रामकुंडाच्या पाण्यात ह्यांपैकी काय आहे? केंद्र सरकारने २०२४ साली नियमांत दुरुस्ती करून ‘जैवविघटनशील’ म्हणवून घेण्यासाठी विघटन कोणत्या परिसरात होणार हे सांगण्याची, आणि मागे प्लास्टिकचे सूक्ष्म कण राहू न देण्याची अट घातली. कायद्यास जे कळले ते भाविकास कळू नये असा तर विक्रेत्याचा हेतू नाही ना?

परंतु आमचा मुख्य आक्षेप ह्याहूनही मूलगामी आहे. समजा, वस्तू खरोखरच शंभर टक्के वनस्पतिप्रथिनाची आहे, तिला कोणतेही जोडद्रव्य लागलेले नाही, आणि ती पाण्यात सोडताच आठवड्यात नाहीशी होते. मग ती नदीत सोडावी काय? मुळीच नाही! पाण्यात प्रथिन कुजते म्हणजे सूक्ष्म जीव ते खातात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. प्रथिनात नायट्रोजन असल्यामुळे शेवटी अमोनियाही सुटतो. प्राणवायू घटला आणि अमोनिया वाढला म्हणजे मासे गुदमरतात व पाण्यास दुर्गंधी येते. ज्या पदार्थाने शेतातील माती पुष्ट होते तोच पदार्थ नदीस विषवत् होतो. पेंड हे उत्तम खत आहे. म्हणून कोणी पेंडीची पोती रामकुंडात रिकामी करीत नाही. निर्माल्याची गोष्टही अशीच. फुले तर वनस्पतीचे साक्षात अपत्य. त्यांच्यावर कोणत्या कारखान्याचा संस्कार झालेला असतो? तरीही कुंडात साचलेल्या निर्माल्याने पाणी नासतेच. तेव्हा ‘विरघळून जाते’ ह्यात वस्तूचा गुण नसून केवळ आपल्या दृष्टीस ती पडेनाशी होण्याची सोय आहे. डोळ्यांआड झालेले पाप धुतले गेले असे मानण्याची सवय आपल्याला तीर्थाच्या काठी पूर्वीपासूनच आहे.

येथे पंचवटीचाच एक धडा आठवल्यावाचून राहत नाही. सरदार रंगराव ओढेकर ह्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेल्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला व तो पुढे कित्येक वर्षे चालला. दाराच्या आत उभे असलेल्यांचा युक्तिवाद एवढाच होता की शुद्धता जन्मावरून ठरते. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आणि बाजारातील पिशवीचा प्रश्न एका तागडीत घालण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे त्या सत्याग्रहाचा अपमान होईल. परंतु बुद्धीचा दोष एकच आहे, आणि तो एका ठिकाणी पाळला म्हणजे सर्वत्र पसरतो. शिवाय ह्यात एक कटू उपरोध आहे. प्रथिनास कमावून टिकाऊ करण्याची जी विद्या आज परदेशच्या प्रयोगशाळा मोठ्या कौतुकाने अभ्यासीत आहेत, तिचे सर्वांत जुने रूप आपल्याकडे शेकडो वर्षे सांभाळले ते कातडी कमावणाऱ्या हातांनी. त्या हातांस आपण अमंगळ ठरविले व दाराबाहेर ठेवले. करणी हीन मानावी आणि कूळ श्रेष्ठ मानावे, ह्याची शिक्षा म्हणून आज आपणास त्याच करणीची मापे परभाषेतील ग्रंथांतून उसनी घ्यावी लागत आहेत.

ह्या उसनवारीचा भुर्दंड सर्वांत अधिक कोण भरतो? शेतकरी. विदर्भ व मराठवाडा ह्यांच्या खरिपाचा कणा आज सोयाबीन आहे, आणि सोयाबीन पिकविणाऱ्या प्रांतांत महाराष्ट्र अगदी पुढच्या रांगेत आहे. हे पीक येथे आगंतुकासारखे आले असे कोणी समजू नये. महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे आहारातील प्रयोग केले. बडोदे संस्थानातील एफ. एस. काळे ह्यांनी १९३६ साली आहार, लागवड व उपयोग ह्या तिन्ही अंगांनी सोयाबीनचा विचार करणारा एक ग्रंथच लिहिला. आणि १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, जिला आज आघारकर संशोधन संस्था म्हणतात, ‘एमएसीएस’ ह्या आपल्या अद्याक्षरांचे कित्येक वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. पीक आले, वाण आले, तेलाच्या गिरण्याही आल्या. पुढे काय? तेल काढावे आणि पेंड कोंबड्यांपुढे टाकावी किंवा जहाजात भरावी, येथे आपली प्रतिभा थांबली. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. पण बाजारसमित्यांत शेतकऱ्यांस पुष्कळ दिवस त्याहून कमी भावाने माल घालावा लागला. ज्या मालाचा गिऱ्हाईक एकच, त्याचा भाव गिऱ्हाईकच ठरविणार.

आणि ह्या पेंडीस आता घरातच सवत आली आहे. मक्यापासून इथेनॉल करण्याचा उद्योग वाढला तसा त्यातून उरणारा धान्याचा चोथा पशुखाद्यात स्वस्त पडू लागला व सोया पेंडीची मागणी खाली आली. नाशिक जिल्हा हा मका पिकविणारा जिल्हा आहे. तेव्हा ही गोष्ट आमच्या अंगणातली आहे. मक्याच्या प्रथिनांपैकी सुमारे निम्मा भाग ‘झाइन’ नावाच्या प्रथिनाचा असतो. १८२१ साली जॉन गोरम ह्या रसायनज्ञाने तो वेगळा काढला. त्याचा विशेष असा की तो पाण्यात विरघळत नाही, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतो, आणि त्याचा पातळ थर दिला की ओल आत जात नाही. म्हणून गोळ्यांवर व मिठाईवर लेप देण्यास तो वापरतात. म्हणजे ज्या कारखान्यात अल्कोहोल तयार होतो त्याच कारखान्याच्या चोथ्यात अल्कोहोलमध्ये विरघळणारे हे मौल्यवान द्रव्य पडलेले असते! चोथा वाळविताना लागलेल्या उष्णतेने त्याचा काही भाग बिघडतो, हे खरे. पण तो बिघडण्यापूर्वी कसा काढून घ्यावा हाच तर संशोधनाचा विषय आहे. मुंबईची १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ह्या जिल्ह्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. हा प्रश्न त्यांच्यापुढे आग्रहाने मांडण्याचे काम येथील कारखानदारांनी व बाजारसमित्यांनी केले पाहिजे.

कोणी म्हणेल की अन्नास आपण परब्रह्म मानतो; त्याच्या फळ्या आणि पिशव्या करणे हा भुकेल्यांचा द्रोह नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे व तो टाळण्याची आमची इच्छा नाही. दाणा सरळ कारखान्यात जाऊन ताटातली डाळ महाग होत असेल तर आम्हीही त्यास विरोध करू. परंतु येथे प्रश्न पेंडीचा व चोथ्याचा आहे, आणि ती आज माणसाच्या ताटात नाहीतच. ज्यास त्या प्रथिनाची खरोखर हळहळ वाटत असेल त्याने ती माणसाच्या खाण्यायोग्य करण्याचा खटाटोप अवश्य करावा. त्याचे आम्ही प्रथम अभिनंदन करू. मात्र जो खाण्यायोग्यही करीत नाही, वस्तूही करू देत नाही आणि स्वस्तात विकून मोकळा होतो, त्याने अन्नाच्या पावित्र्याची भाषा बोलू नये.

तर मग करावे काय? वस्तूचे कूळ विचारणे सोडून तिची करणी विचारावी. ती कशापासून केली आणि त्यात मूळ वनस्पतीचा भाग शेकडा किती? साखळ्या जोडण्यास कोणते द्रव्य घातले? ती पाण्यात किती वेळ टिकते? आणि ती कोठे, किती उष्णतेत, किती दिवसांत कुजते? ह्या चार प्रश्नांची उत्तरे वस्तूवर मराठीत छापलेली असावी. ज्याला ती देता येत नाहीत त्याला सिंहस्थाच्या मेळ्यात दुकान मांडू देऊ नये; नाशिक महानगरपालिकेस एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही, परवान्यातील एक अट पुरते. आणि उत्तरे कितीही चांगली असली तरी वापरलेली वस्तू कुंडात न जाता खताच्या खड्ड्यात जावी ह्याची व्यवस्था काठावर पावलापावलावर असावी, कारण प्रथिनाचे माहेर माती आहे, तीर्थ नव्हे.

भाविकांसही आमची एक विनंती आहे. विक्रेता ‘झाडापासून झालेले आहे’ असे म्हणाला की आपण हात जोडतो आणि पुढे विचारीत नाही. ह्यापुढे विचारावे. अफू झाडापासून होते, धोतऱ्याचे बी झाडापासून होते. त्यांच्या कुळाने आजवर कोणाचे विष उतरले नाही. गोदेला वस्तूचे कूळ कळत नाही. तिला कळतो तो पाण्यातून नाहीसा होणारा प्राणवायू.